फॅरडे यांचा देव प्रयोगशाळेत का आला नाही?

अंधश्रद्धेवर कोणी बोट ठेवले की समोरून एक उत्तर ठरलेलेच असते. मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा देव मानत होते, मग तुम्ही कोण लागून गेलात? हे विचारणारे केवळ कीर्तनकार आणि पुराणिक नसतात. त्यांत इंजिनिअर असतात, डॉक्टर असतात, विज्ञान शिकवणारे प्राध्यापकही असतात. २०२३ च्या जुलै महिन्यात चांद्रयान-३ झेपावण्याआधी आमचे शास्त्रज्ञ त्या यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीच्या दर्शनाला गेले, तेव्हाही हाच युक्तिवाद ऐकू आला. श्रद्धा आणि विज्ञान यांत विरोध आहेच कुठे, असा त्याचा मथितार्थ.

या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. अनेक थोर शास्त्रज्ञ देव मानत होते ही गोष्ट खरीच आहे. चर्चने गॅलिलिओचा छळ केला एवढे सांगून टाळ्या मिळतात, पण विषय संपत नाही. म्हणून आम्ही मुद्दाम आमच्या बाजूला अवघड जाईल असे उदाहरण निवडले आहे. हा माणूस आयुष्यभर कमालीचा धार्मिक राहिला, बायबलचा शब्दन्‌शब्द खरा मानत राहिला, आणि तरीही त्याच्याइतका प्रामाणिक प्रयोगकर्ता जगाने क्वचितच पाहिला. तो म्हणजे मायकेल फॅरडे. आज आपल्या घरात दिवा लागतो, पंखा फिरतो, शेतातल्या विहिरीवरची मोटार पाणी उपसते, त्यामागे या माणसाचे शोध आहेत.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत, पण प्रकृती साथ देत नसल्यामुळे हातून काम होत नसे. १८०१ साली धान्य महागले तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच त्याला पुरवून पुरवून खावा लागे. शाळा नावापुरतीच झाली. मायकेलला 'र' म्हणता येत नसे, त्यामुळे थोरल्या भावाचे रॉबर्ट हे नावही धड उच्चारता येत नसे. चरित्रकार सांगतात, की शिक्षिकेने रॉबर्टच्याच हातात नाणे ठेवून मायकेलला बडवण्यासाठी छडी आणायला पाठवले. रॉबर्टने ते नाणे भिंतीपलीकडे भिरकावले आणि घरी जाऊन आईला सारे सांगितले. त्या माउलीने दोन्ही मुलांना शाळेतून काढून घेतले. वर्गाच्या दाराबाहेर बसवलेल्या मुलांचा इतिहास ज्यांच्या घरात आहे, त्यांना या हकिगतीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तेराव्या वर्षी मायकेल रीबॉ नावाच्या ग्रंथविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. हा रीबॉ फ्रान्समधून लंडनला आलेला. त्याच्याकडची वर्तमानपत्रे गिऱ्हाइकांना वाचायला द्यायची आणि पुन्हा गोळा करून पुढच्या गिऱ्हाइकाकडे पोचवायची, हे या पोराचे काम. रविवारी तो पहाटेच उठून हे काम उरकी, कारण आईवडिलांबरोबर प्रार्थनेला जायचे असे. पुढे १८०५ पासून सात वर्षे त्याने तिथेच पुस्तकबांधणीची उमेदवारी केली. पोराचा प्रामाणिकपणा पाहून रीबॉने उमेदवारीचे पैसेही घेतले नाहीत. भला माणूस म्हणायचा.

बांधायला आलेली पुस्तके हा मुलगा वाचू लागला. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख त्याने वाचला. जेन मार्सेट या बाईंनी रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तक वाचले. इथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. छापील आहे म्हणून त्याने ते खरे मानले नाही. खिशातल्या चार पैशांत जमेल तेवढे सामान आणून मार्सेटबाईंची विधाने त्याने पडताळून पाहिली. ती खरी निघाली तेव्हाच त्यांच्यावर भरवसा ठेवला. ज्या मुलाच्या घरी बायबलवर शंका घेणे पाप होते, तोच मुलगा रसायनशास्त्राच्या पुस्तकाला असे तपासत होता. फॅरडे यांच्या आयुष्यातली ती प्रसिद्ध भिंत इथेच उभी राहू लागली होती.

शास्त्रावरची व्याख्याने ऐकायला एक शिलिंग पडे. तो लोहारकाम करणारा भाऊ रॉबर्ट देई. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडे यांनी ती व्याख्याने टिपून घेतली, आकृत्या काढल्या, आपल्याच हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि डेव्हींकडे पाठवून दिले. त्याआधी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना त्यांनी पत्र लिहिले होते. त्याला उत्तरसुद्धा मिळाले नव्हते. पुढे डेव्हींचा एक मदतनीस मारामारीपायी कामावरून गेला आणि मार्च १८१३ मध्ये ही जागा फॅरडे यांना मिळाली. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि माळ्यावरच्या दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्ही पतिपत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाले. ऐनवेळी डेव्हींच्या खासगी नोकराने यायला नकार दिला, तेव्हा ते काम तात्पुरते फॅरडे यांच्या गळ्यात पडले. तात्पुरते ते दीड वर्ष टिकले. लेडी डेव्ही श्रीमंत घरच्या. त्यांनी या लोहाराच्या पोराला नोकराच्या जागेवरच ठेवले, पंगतही नोकरांचीच. फॅरडे यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रांतून हा अपमान स्पष्ट दिसतो. सगळे सोडून परत जावे असे त्यांच्या मनात आले होते. तरी ते थांबले, कारण या दौऱ्यात पॅरिसला अँपियर आणि मिलानला व्होल्टा भेटत होते. खुद्द डेव्ही हे कॉर्नवॉलमधल्या एका लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याचे पुत्र होते हे विसरू नये. वर चढलेला माणूस शिडी ओढून घेतो, याचे प्रत्यंतर पुढेही आले. १८२४ साली फॅरडे यांची रॉयल सोसायटीवर निवड झाली, तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हींनीच तिला विरोध केला होता. मतदान गुप्त होते. विरोधात एकच मत पडले.

आता फॅरडे यांच्या धर्माकडे वळू.

त्यांचा पंथ सँडमेनियन नावाचा. स्कॉटलंडच्या सरकारी चर्चने ज्यांना काढून टाकले त्या जॉन ग्लास यांनी तो सुरू केला आणि त्यांचे जावई रॉबर्ट सँडमन यांनी वाढवला. लंडनमध्ये या पंथाची माणसे थोडकीच होती. पगारी पुरोहित हा प्रकारच त्यांच्यात नव्हता. सभासदांमधूनच ज्येष्ठ निवडले जात आणि प्रवचनही तेच करीत. राज्यसत्तेने धर्मात पडू नये असे ते मानत. संपत्ती साठवणे त्यांच्या दृष्टीने गैर होते. आणि दर रविवारी दोन प्रार्थनांच्या मध्ये सगळे सभासद एकत्र बसून जेवत. कारागीर, दुकानदार, पुढे जगप्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ, सगळे एका टेबलाशी. ज्या माणसाला युरोपच्या दौऱ्यात नोकरांच्या पंगतीत बसावे लागले, त्याला आपल्या प्रार्थनाघरात बरोबरीने बसता येत होते. फॅरडे यांची श्रद्धा एवढी चिवट का राहिली याचे निम्मे उत्तर आम्हाला तरी या जेवणात दिसते. १८२१ च्या जूनमध्ये त्याच पंथातल्या सारा बर्नार्ड यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि महिनाभरातच त्यांनी भर सभेत आपली श्रद्धा जाहीर करून पंथाचे रीतसर सभासदत्व घेतले.

परंतु या पंथाची दुसरी बाजूही होती. प्रत्येक निर्णय एकमतानेच व्हायचा. जो मान्य करणार नाही तो बाहेर. बाहेर काढलेल्याबरोबर बाकीच्यांनी जेवायचे नाही. आपल्या गावगाड्यात ज्याला वाळीत टाकणे म्हणतात, त्याच्याच जातीचा हा प्रकार. १८४४ च्या मार्चअखेर खुद्द फॅरडे यांना असे बाहेर काढण्यात आले. राणी व्हिक्टोरियाच्या आमंत्रणामुळे त्यांची रविवारची प्रार्थना चुकली म्हणून, अशी कथा वर्षानुवर्षे छापली जाते. पण त्या वेळी आणखीही काही सभासद बाहेर गेले होते. त्यामुळे पंथातला अंतर्गत वाद हेच कारण अधिक पटण्याजोगे आहे. तोवर फॅरडे युरोपभर नावाजले गेले होते. तरी त्यांनी बंड केले नाही. पश्चात्ताप व्यक्त केला आणि पाच आठवड्यांनी त्यांना परत घेतले गेले. निसर्गाला उलटतपासणीचे प्रश्न विचारणारा माणूस आपल्या पंथापुढे मान खाली घालून उभा राहिला.

आणि ह्याच माणसाने प्रयोगशाळेत काय केले?

१८२१ च्या सप्टेंबरमध्ये वीज वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरत ठेवून दाखवली. विजेवरच्या मोटारीचे मूळ ते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडाच्या कड्यावर दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली, एकाला बॅटरी जोडली आणि दुसऱ्याजवळ सुई ठेवली. वीज वाहत राहील तोवर सुईही वळलेली राहील अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. सुई हलली ती फक्त बॅटरी जोडताना आणि काढताना. मधल्या वेळात ती निश्चल. दुसरा कोणी असता तर उपकरणात दोष आहे म्हणून सोडून देता. फॅरडे यांनी निसर्गाने दिलेले उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्याच्या मागे लागले. वीज निर्माण होते ती बदलातून, हे त्यांना उमगले. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून वीज काढली. जगातली सगळी वीजकेंद्रे त्या चकतीची वंशज आहेत. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडे होते. दारिद्र्याच्या फेऱ्यातून या देशाला सोडवायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त, मुबलक वीज हवी, अशी मांडणी त्यांनी १९४३ साली केली होती. ती शक्य झाली कारण शंभर वर्षांपूर्वी एका लोहाराच्या मुलाने ती सुई थरथरताना पाहिली होती.

या सगळ्या शोधनिबंधांत पुरावा म्हणून बायबलचे एकही वचन येत नाही. मग त्यांच्या श्रद्धेचा विज्ञानाशी काहीच संबंध नव्हता काय? होता, आणि तो लपवण्याचे कारण नाही. जग एकाच निर्मात्याने घडवले असेल तर निसर्गातल्या सगळ्या शक्ती मुळात एकच असल्या पाहिजेत, ही त्यांची मनोमन खात्री होती. वीज आणि चुंबक यांचा संबंध सापडला. १८४५ साली चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हेही त्यांनी दाखवले. मग गुरुत्वाकर्षण तेवढे वेगळे कसे राहील? १८४९ साली त्यांनी व्याख्यानगृहाच्या उंचीवरून जड वस्तू खाली सोडल्या आणि पडण्यातून वीज निर्माण होते का ते पाहिले. सुरुवातीला सुई हलली. त्यांना आनंद झाला. मग त्यांनी स्वतःच चुका शोधायला सुरुवात केली आणि एकेक करून सगळ्या हालचालींची साधी कारणे सापडत गेली. हाती काहीच उरले नाही. प्रयोगातून संबंध सिद्ध झाला नाही, असे त्यांनी सरळ छापले. मनातली खात्री गेलेली नाही, पण पुरावा मिळालेला नाही, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकले. दहा वर्षांनी, १८५९ साली, टेम्सकाठच्या एका उंच मनोऱ्यात, जिथे बंदुकीचे छर्रे ओतत, तिथे शिशाची मोठी वजने वरखाली करून त्यांनी पुन्हा तोच प्रयोग केला. पुन्हा नाही. नकारात्मक निष्कर्ष प्रसिद्ध करू नये असा सल्ला स्टोक्स या शास्त्रज्ञाने दिला म्हणून तेवढा लेख त्यांनी मागे घेतला.

आमच्या मते फॅरडे यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा प्रसंग आहे, डायनॅमोपेक्षाही मोठा. देवाने प्रश्न सुचवला, पण उत्तर देण्याचा अधिकार त्यांनी देवाला दिला नाही. तो सुईलाच होता. श्रद्धावान माणसाला विज्ञान करता येते काय याचे उत्तर इथे मिळते. येते. मात्र एका अटीवर. सुई हलली नाही तर हलली नाही असे लिहायची तयारी पाहिजे. देवाला प्रतिकृती दाखवून आणणारे आणि फॅरडे यांचे नाव घेणारे जे आहेत, त्यांना आम्ही एवढेच विचारतो, की नवस फेडल्यावरही यान कोसळले तर त्याची नोंद तुम्ही देवाच्या खात्यावर करता काय? नाही. ती इंजिनात होते. म्हणजे तपासणी फक्त इंजिनाची, देव कायमचा बिनतपासणीचा.

१८५३ साली इंग्लंडात टेबल फिरवण्याचे वेड पसरले. आपल्याकडे प्लँचेट करतात, वाटी फिरवतात, त्याचीच ही मोठी बहीण. टेबलाभोवती माणसे हात ठेवून बसत आणि टेबल फिरू लागे. कोणी म्हणे मृतात्मे फिरवतात, काही धर्मोपदेशक म्हणत सैतान फिरवतो, तर कोणी विजेचे नाव पुढे करी. विजेचे नाव आले म्हणून लोक फॅरडे यांच्याकडे धावले. त्यांनी कोणाची टिंगल केली नाही. बसणारी माणसे प्रामाणिक आहेत असेच ते धरून चालले. हात आणि टेबल यांच्यामध्ये त्यांनी पुठ्ठ्यांची चळत ठेवली. पुठ्ठे एकमेकांना मऊ चिकट गोळ्यांनी असे लावले, की जोर पडल्यास थोडे सरकावेत. टेबल फिरल्यावर पाहिले तर वरचे पुठ्ठे खालच्यांपेक्षा पुढे गेलेले. म्हणजे टेबल हातांना ओढत नव्हते, हातच टेबलाला ढकलत होते, आणि ढकलणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. मग त्यांनी हाताचा दाब दाखवणारा काटा बसवला. तो डोळ्यांसमोर दिसू लागताच टेबल फिरायचे थांबले. हे सगळे त्यांनी वर्तमानपत्रात प्रसिद्ध केले आणि लोकांची मने अशी तयार करणाऱ्या शिक्षणपद्धतीतच मोठी खोट आहे, असेही सुनावले. ज्यांची समजूत काढायची होती ते मात्र फारसे बधले नाहीत. अनेकांनी उलट फॅरडेंनाच दोष दिला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना यात नवल वाटणार नाही.

पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांच्या उपस्थितीत त्यांनी बुद्धीला शिस्त लावण्यावर व्याख्यान दिले. आपल्याला जे हवेसे वाटते त्यावर सर्वांत जास्त संशय घ्यावा, पुरावा नसेल तर निर्णय थांबवावा, हा त्याचा सारांश. आणि सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकले, की धर्मश्रद्धेला मात्र हा नियम लागू नाही. तिचा प्रांत निराळा.

इथे आमचा आणि फॅरडे यांचा रस्ता वेगळा होतो.

आपण एक खोली कुलूपबंद ठेवली आहे हे त्यांनी भर सभेत कबूल केले. श्रद्धा हीच विज्ञान आहे असा कांगावा त्यांनी केला नाही, की बायबलमध्ये डायनॅमो शोधला नाही. हा त्यांचा मोठेपणा. पण कुलूप ते कुलूपच. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ आला आणि सारे इंग्लंड ढवळून निघाले. त्या जाहीर वादात फॅरडे उतरले नाहीत. १८४४ साली हॅसवेलच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन ९५ माणसे आणि पोरे मेली, तेव्हा सरकारने चौकशीसाठी त्यांना पाठवले. कोळशाच्या भुकटीमुळे स्फोट कसा भडकतो हे त्यांनी आणि लायेल यांनी अहवालात अचूक मांडले. पण जिथे प्रश्न मालकाच्या जबाबदारीचा आला, तिथे अपघाती मृत्यू हा पंचांचा निकाल त्यांनी मान्य केला. मृतांच्या विधवांसाठी पैसे दिले, उपाय खर्चिक म्हणून मालकांनी बाजूला ठेवला. सत्तेशी भांडण नको, हे त्यांच्या पंथाने शिकवले होते. दया होती, प्रश्न नव्हता.

तरीही इंग्लंडात ही बंद खोली फारशी कोणाला जाचली नाही. मूठभर माणसांचा पंथ, हातात सत्ता नाही, कोणाच्या पाण्यावर हक्क सांगायचा नाही. आमच्या देशात त्या कुलूपबंद खोलीत काय ठेवले आहे? तिथे जात ठेवली आहे.

एकच उदाहरण पाहू, दोन्ही देशांतल्या पाण्याचे. १८५५ च्या जुलैत फॅरडे बोटीतून टेम्स नदीवरून जात होते. लंडनचा सगळा मैला त्या नदीत सोडलेला. त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे केले, ओले करून ठिकठिकाणी पाण्यात सोडले. बोटभरही खाली जाण्याआधी ते दिसेनासे होत. पाणी किती घाण आहे हे त्यांनी असे मोजले आणि वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जागे केले. आता महाड. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तळे बाटले अशी हाकाटी झाली आणि ते शुद्ध करायला सनातन्यांनी त्यात काय ओतले? १०८ घागरी भरून दही, दूध, शेण आणि गोमूत्र! माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडते आणि शेणाने सुधारते, हे कोणत्या कार्डाने मोजले होते? या श्रद्धेचा प्रांत निराळा आहे, तिला पुराव्याचा नियम लागू नाही, असे म्हटले की महाडचे सनातनी बिनचूक ठरतात. फॅरडे यांना जी भिंत परवडली ती आम्हाला परवडणारी नाही, ती यासाठी.

बाबासाहेबांनी म्हणूनच धर्म नाकारला नाही, पण भिंत नाकारली. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य यावर लिहिताना त्यांनी धर्माला ज्या कसोट्या लावल्या, त्यांत धर्म बुद्धीशी म्हणजेच विज्ञानाशी जुळला पाहिजे ही एक होती. दुसऱ्या कसोट्या स्वातंत्र्य, समता, बंधुता यांच्या, आणि धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये ही आणखी एक. त्याआधी १९४८ साली मद्रासचे प्रा. लक्ष्मी नरसू यांचा 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' हा १९०७ चा ग्रंथ त्यांनी स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा प्रसिद्ध करवला. हे नरसू विज्ञानाचे प्राध्यापक आणि पक्के बौद्ध. त्यांना दोन खोल्या लागल्या नाहीत. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी ग्रंथ, परंपरा आणि गुरू यांच्यापैकी कोणाच्याही नुसत्या आधारावर काही स्वीकारू नका असे सांगितले, त्यात तथागतांनी स्वतःलाही वगळले नाही.

आणि बाबासाहेबांनी हे केवळ दुसऱ्यांच्या धर्माला लावले काय? नाही. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ गौतमाने घर सोडले ही कथा शतकानुशतके सांगितली जात होती. २९ वर्षांच्या तरुणाला तोवर म्हातारपण, आजार, मरण ठाऊकच नव्हते हे बुद्धीला पटत नाही, असा आक्षेप त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घेतला आणि शाक्य-कोलियांमधल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचा प्रसंग पुढे ठेवला. आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा, हा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. दीक्षा घ्यायची आणि त्याच धम्माच्या पवित्र कथेला उलटतपासणीला उभे करायचे, हे धैर्य फॅरडे यांच्याकडे नव्हते. परदेशातले कित्येक बौद्ध यावरून बाबासाहेबांवर नाराज झाले. होऊ देत.

आता आमच्याच घरात डोकावू. वास्तुशास्त्र बघून विहाराचे दार ठरवणारे आमच्यात नाहीत काय? परित्राणाचा दोरा मनगटावर बांधला की परीक्षेत पास होऊ, ते पाणी शिंपडले की दुखणे जाईल, असे मानणारे सुशिक्षित बांधव नाहीत काय? तथागतांच्या मूर्तीपुढे नवस बोलायचा आणि २२ प्रतिज्ञांची तसबीर शेजारच्याच भिंतीवर लावायची, ही फॅरडे यांचीच भिंत आहे, फक्त फॅरडे यांच्या प्रामाणिकपणाशिवाय. त्यांनी निदान जाहीर सांगितले होते.

फॅरडे यांच्या स्वभावाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मात्र हा लेख पुरा करता येत नाही. कारखानदारांना सल्ला देऊन ते गडगंज झाले असते, ते काम त्यांनी सोडून दिले. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. १८३५ साली सरकारी मानधनाच्या बोलण्यात पंतप्रधान मेलबर्न यांनी अशा मानधनाबद्दल तुच्छतेचे उद्गार काढले, तेव्हा फॅरडे उठून गेले आणि नको म्हणून चिठ्ठी पाठवली. मेलबर्न यांनी लेखी दिलगिरी व्यक्त केल्यावरच ते ३०० पौंड त्यांनी घेतले. लहान मुलांसाठी नाताळात त्यांनी १९ वर्षे व्याख्यानमाला दिल्या. शेवटच्या मालेत एका मेणबत्तीवरून सगळे रसायनशास्त्र उलगडले. गणित त्यांना येत नव्हते, तेव्हा त्यांच्या बलरेषांना गणिताची भाषा मॅक्सवेल यांनी दिली. उतारवयात स्मरणशक्तीने दगा दिला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी, खुर्चीत बसल्या जागी त्यांचे निधन झाले. पंथाच्या रिवाजाप्रमाणे अंत्यविधी साधाच झाला. हायगेटच्या दफनभूमीत, सरकारी चर्चने पवित्र न केलेल्या जागेत, त्यांना पुरले.

त्यांच्या प्रयोगवहीत सोळा हजारांवर क्रमांकित नोंदी आहेत. शेवटची नोंद १२ मार्च १८६२ ची. ज्योतीत मीठ टाकले की जो पिवळा प्रकाश निघतो, त्याच्या वर्णपटातल्या रेषांवर चुंबकाचा काही परिणाम होतो का, हे ते पाहत होते. वय सत्तर. परिणाम दिसला नाही. दिसला नाही असे त्यांनी लिहिले आणि वही मिटली. चौतीस वर्षांनी, १८९६ साली, हॉलंडमध्ये पीटर झेमन या तरुणाच्या वाचनात या फसलेल्या प्रयोगाची हकीकत आली. फॅरडेंना हे करून पाहावेसे वाटले म्हणजे त्यात काहीतरी असेल, असे त्याला वाटले. त्याने अधिक जोरदार चुंबक आणि अधिक सूक्ष्म उपकरण घेऊन तोच प्रयोग केला. पिवळ्या रेषा रुंदावल्या. १९०२ साली झेमन आणि लॉरेंट्झ यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.